अपघातानंतर स्टिअरिंग कॉलमची तपासणी का हवी?

समोरून धडक बसलेली गाडी गॅरेजमध्ये जाते. बंपर, हेडलाइट आणि बोनेट बदलले जातात, रंग चढतो आणि आठ-दहा दिवसांत गाडी पूर्वीसारखी दिसू लागते. मात्र डॅशबोर्डखाली झाकलेला एक भाग या धावपळीत अनेकदा तपासायचा राहून जातो. तो म्हणजे स्टिअरिंग कॉलम. चालकाच्या हातातील दिशा चाकांपर्यंत पोहोचवणे हे त्याचे रोजचे काम. अपघातात चालकाची छाती वाचवणे हे दुसरे, आणि हे दुसरे काम तो एकदाच करू शकतो.

एकदाच वापरता येणारे संरक्षण

जुन्या मोटारींमध्ये स्टिअरिंग व्हीलपासून पुढच्या बाजूच्या गिअरबॉक्सपर्यंत एकसंध पोलादी दांडा असे. समोरून धडक बसली की तो मागे ढकलला जाई आणि भाल्यासारखा चालकाच्या छातीवर आदळे. जनरल मोटर्सने १९६७च्या मॉडेलपासून धक्का शोषून आखडणारा कॉलम आणला. १ जानेवारी १९६८पासून अमेरिकेत प्रवासी मोटारींसाठी त्याविषयीचे नियम लागू झाले. ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाच्या धडक चाचणीत कॉलम १२७ मिलिमीटरपेक्षा अधिक मागे सरकता कामा नये, अशी मर्यादा त्यात घालण्यात आली.

आजच्या कॉलमचा दांडा दुर्बिणीच्या नळ्यांप्रमाणे एकात एक सरकतो. डॅशबोर्डमागील आधारपट्टीला तो ज्या कंसाने बसवलेला असतो, त्यात अनेक गाड्यांत प्लास्टिकच्या बारीक खिळ्यांनी धरलेल्या कुप्या असतात. ठरावीक जोर आला की खिळे तुटतात, कंस सुटतो आणि कॉलम आखडतो. हा जोर दोन बाजूंनी येऊ शकतो. इंजिनाकडील भाग मागे रेटला गेला तर तो खालून येतो. चालकाचे शरीर व्हीलवर आदळले तर वरून. त्यामुळे एअरबॅग उघडली नाही म्हणून कॉलम सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

चालकाला काय ओळखता येते?

गाडी सरळ जात असताना व्हील तिरके राहत असेल, तर दोष केवळ व्हील अलाइनमेंटचा किंवा वाकलेल्या टाय रॉडचाही असू शकतो; पण तपासणी तेथून सुरू करावी. गाडी उभी असताना व्हील हलकेच वर-खाली आणि डावी-उजवीकडे ओढून पाहावे. खडखड जाणवली किंवा संपूर्ण कॉलम हलला, तर त्याची पकड सैल झाली आहे. इंजिन सुरू ठेवून व्हील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवावे. मध्येच जड लागणे, अडकणे किंवा घासल्याचा आवाज येणे ही सांध्याच्या किंवा वाकलेल्या दांड्याची खूण असते.

चाके न हलता व्हील किती फिरते, हेही पाहावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९मधील नियम ९८नुसार ही मोकळी हालचाल ३० अंशांपेक्षा अधिक असता कामा नये. ही कायद्याची कमाल मर्यादा आहे. सुस्थितीतील मोटारीत ती याहून बरीच कमी असते. व्हीलची कड वाकलेली असणे, व्हील आणि कॉलमचे आवरण यांतील फट बदललेली असणे, उंची बदलण्याचा खटका नीट न बसणे किंवा एअरबॅगचा दिवा विझत नसणे, यांपैकी काहीही आढळल्यास गाडी पुढे चालवू नये.

मेकॅनिकचे काम

पुढील तपासणी जाणकाराचीच. एअरबॅग असलेल्या गाडीत आधी बॅटरीची तार सोडवून कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला वेळ थांबावे लागते. त्यानंतर कंसातील कुप्या जागेवर आहेत का, खिळे तुटले आहेत का, हे पाहिले जाते. कॉलमची लांबी मोजून पुस्तिकेतील मापाशी ताडली जाते, कारण थोडासा आखडलेला कॉलम नजरेला साबूत दिसू शकतो. खालचा जोडदांडा, युनिव्हर्सल जॉइंट आणि डॅशबोर्डमागील आधारपट्टीही तपासावी लागते. अनेक छोट्या मोटारींत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मोटर कॉलमवरच असते. अशा गाडीत कॉलम बदलल्यावर स्टिअरिंगच्या सेन्सरची नव्याने जुळणी करावी लागते.

आखडलेला किंवा वाकलेला कॉलम ठोकून, तापवून वा वेल्डिंग करून सरळ करणे धोक्याचे आहे. तुटलेल्या खिळ्यांच्या जागी साधे बोल्ट घातले, तर व्हील घट्ट बसते, गाडीही नीट वळते. मात्र पुढच्या धडकेत तो कॉलम आखडत नाही. तो पुन्हा जुन्या काळचा पोलादी दांडा बनतो. भंगारातून आणलेल्या कॉलमचा पूर्वेतिहास कोणालाच ठाऊक नसतो, हेही लक्षात घ्यायला हवे.

विम्याच्या कागदावर नोंद

पहिला खर्चाचा अंदाज बहुधा बाहेरून दिसणाऱ्या नुकसानीवर बेतलेला असतो. त्यामुळे कॉलमच्या तपासणीची मागणी सर्व्हेअर गाडी पाहत असतानाच करावी. भाग उघडल्यानंतर नुकसान आढळले, तर दुरुस्तीपूर्वी त्याला पुन्हा बोलावून वाढीव अंदाज मंजूर करून घ्यावा. कॉलम तपासल्याची अथवा बदलल्याची नोंद बिलावर लेखी घ्यावी. अपघातग्रस्त गाडी पुढे विकली गेली, तर नव्या मालकालाही तोच पुरावा उपयोगी पडतो.

गॅरेजच्या दारातून सपाट रस्त्यावर मारलेली एक फेरी ही तपासणी नव्हे. चोर्ला किंवा अनमोड घाटाच्या वळणावर पूर्ण व्हील फिरवताना सांधा अडकला, तर ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. गाडी ताब्यात घेण्यापूर्वी डॅशबोर्डखालचे आवरण काढून कॉलम दाखवण्यास सांगणे, एवढे तरी प्रत्येक वाहनधारकाला करता येते.