तांब्याच्या वाटा आणि यंत्राची आखणी

रेडिओ, विजेचा मीटर, मोबाइल, शेतातील ठिबक सिंचनाचा नियंत्रक, यांपैकी कोणतीही वस्तू उघडली असता आत एक पट्टी दिसते, बहुधा हिरव्या रंगाची. तिच्यावर सुटे भाग बसविलेले असतात आणि त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या तांब्याच्या बारीक रेषा तिच्या पृष्ठभागावर उमटविलेल्या असतात. हीच मुद्रित परिपथ पट्टी. व्यवहारात तिला पीसीबी म्हणतात आणि त्या रेषांना ट्रॅक. या ट्रॅकची वाट माणसाने आखावी की संगणकावर सोपवावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. येथून शिकून तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये जाणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे हा प्रश्न पहिल्याच प्रकल्पात उभा राहतो. म्हणून त्याची उकल करणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते पॉल आयस्लर यांनी १९३६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये मुद्रित परिपथ वापरून रेडिओ तयार केला. त्यानंतर अनेक दशके ट्रॅकची आखणी हातानेच होत असे. पारदर्शक फिल्मवर दुप्पट किंवा चौपट आकारात काळी चिकटपट्टी लावून नकाशा तयार करीत आणि त्याचे छायाचित्र घेऊन तो लहान करीत. प्रयोगशाळांतून तर तांबे चढविलेल्या पट्टीवर थेट रंगाने रेषा काढून ती फेरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडविण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. रंगाखालचे तांबे टिकते, उरलेले विरघळून जाते.

वरवर पाहता हे काम सोपे वाटते; परंतु त्यात एक मूलभूत अडचण दडलेली आहे. एकाच पृष्ठावरील दोन ट्रॅक एकमेकांना ओलांडू शकत नाहीत. ओलांडले की दोहोंचा संयोग होऊन परिपथ बिघडतो. तीन घरे आणि तीन विहिरी यांचे जुने कोडे पुष्कळांना ठाऊक असेल. प्रत्येक घरापासून प्रत्येक विहिरीपर्यंत वाट काढायची, पण कोणतीही वाट दुसरीला छेदू द्यायची नाही. नऊपैकी आठ वाटा निघतात, नववी कधीच निघत नाही. कोणत्या जोडण्या एका प्रतलावर मांडता येतात आणि कोणत्या येत नाहीत, याचा नियम पोलंडचे गणिती कुरातोव्स्की यांनी १९३० साली सिद्ध केला. यावरचा उपाय म्हणजे पट्टीची दुसरी बाजू वापरणे. एका बाजूस आडव्या रेषा, दुसरीस उभ्या, आणि बाजू बदलावयाची तेथे तांब्याने मढविलेले छिद्र. त्या छिद्राला व्हाया म्हणतात.

संगणकाने वाट शोधण्याची पायाभूत पद्धत बेल प्रयोगशाळेतील सी. वाय. ली यांनी १९६१ साली मांडली. पट्टीवर चौकटींचे जाळे आहे अशी कल्पना करावी. आरंभीच्या चौकटीला शून्य अंक द्यावा. तिला लागून असलेल्या मोकळ्या चौकटींना १, त्यांच्या शेजारच्यांना २, असे अंक देत जावे. सपाट जमिनीवर ओतलेले पाणी जसे अडथळ्यांना वळसे घालीत चहूकडे पसरते, तसे हे अंक पसरतात. लाट इष्टस्थळी पोहोचली की तेथून उतरत्या अंकांनी मागे यावे. जी वाट मिळते ती त्या जाळ्यातील सर्वांत जवळची असते. वाट असेल तर ही पद्धत ती शोधतेच, हे तिचे सामर्थ्य. जाळे सूक्ष्म झाले की काम झपाट्याने वाढते, ही तिची मर्यादा. १०० मिलिमीटर लांब व ८० मिलिमीटर रुंद पट्टीवर पाव मिलिमीटरची चौकट घेतली तर एका बाजूस १,२८,००० चौकटी होतात. चौकट निम्मी केली की संख्या चौपट होते.

याहून मोठी अडचण क्रमाची आहे. ही पद्धत एका वेळी एकाच जोडणीचा विचार करते. पहिल्या जोडणीने जवळची वाट घेतली की ती वाट पुढच्या जोडणीसाठी भिंत ठरते. म्हणून पुढील काळातील प्रणाली आधी आखलेले ट्रॅक उखडतात, क्रम बदलतात आणि पुन्हा प्रयत्न करतात. अशा प्रणालीलाच ऑटोराउटर म्हणतात. १९९२ साली फ्रान्समध्ये सुरू झालेली कीकॅड ही मुक्त प्रणाली आज विद्यार्थ्यांना विनामूल्य मिळते. तिच्यातील आराखडा फ्रीराउटिंग या दुसऱ्या मुक्त प्रणालीकडे पाठवून आखलेले ट्रॅक परत आणता येतात. शंभर-दीडशे जोडण्यांचे काम काही मिनिटांत होते आणि पडद्यावर सर्व जोडण्या पूर्ण झाल्याचे दिसते.

येथेच थांबून विचार करावयास हवा. सर्व जोडण्या पूर्ण होणे आणि पट्टी योग्य होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. उदाहरणादाखल सिंचनाचा एक साधा नियंत्रक घेऊ. त्यात एटीमेगा ३२८ हा सूक्ष्मनियंत्रक, जमिनीतील ओल मोजणारा संवेदक आणि पंप व झडपा चालविणारे चार रिले आहेत.

प्रथम जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या, ट्रॅकचा विचार करू. तांब्याचा थर साधारणतः ३५ मायक्रोमीटर जाड असतो. पाव मिलिमीटर रुंद आणि १० सेंटिमीटर लांब अशा ट्रॅकचा रोध सुमारे ०.२ ओहम भरतो. प्रत्येक रिलेच्या वेटोळ्यातून सुमारे ७० मिलिअँपिअर प्रवाह वाहतो असे धरले तर चार रिले चालू असताना त्या ट्रॅकवर ५६ मिलिव्होल्ट विभवांतर पडते. संवेदकाचा ग्राउंडही याच ट्रॅकवर असेल तर हे विभवांतर त्याच्या मापनात मिसळते. सूक्ष्मनियंत्रक ५ व्होल्टचे १०२४ भाग करून मोजतो. एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्टचा. म्हणजे रिले चालू होताच ओलीचा आकडा अकरा भागांनी सरकतो, जमीन मात्र होती तशीच असते. ऑटोराउटरच्या दृष्टीने दोन्ही ग्राउंड एकाच नावाचे. जवळच्या ट्रॅकला जोडले की त्याचे कर्तव्य संपले.

दुसरी गोष्ट वीजपुरवठ्याच्या टोकाशी लावावयाच्या १०० नॅनोफॅरडच्या संधारित्राची. सूक्ष्मनियंत्रकाला क्षणार्धात लागणारा प्रवाह जवळच्या जवळ पुरविणे हे त्याचे काम. ट्रॅकच्या दर मिलिमीटर लांबीमागे अंदाजे १ नॅनोहेन्री प्रेरकत्व येते, म्हणून तो पिनेला चिकटूनच हवा. तो ५ सेंटिमीटरवर राहिला तरी जोडणी पूर्णच गणली जाते, पण त्याचा उपयोग जवळजवळ नाहीसा होतो.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. रिलेच्या एका अंगास ५ व्होल्ट असतात, दुसऱ्या अंगास पंपाच्या स्टार्टरचे २३० व्होल्ट. वेगळी सूचना न दिल्यास आखणीची प्रणाली दोन ट्रॅकमध्ये सामान्यतः ०.२ मिलिमीटर अंतर पुरेसे मानते. घरगुती वीजदाब आणि माणसाचा हात लागू शकेल असा परिपथ यांमध्ये मात्र किमान ६ ते ८ मिलिमीटर अंतर राखणे सुरक्षित समजले जाते. पावसाळ्यातील दमट हवा, धूळ आणि मुंग्या यांच्या संगतीने पट्टीच्या पृष्ठावरून विजेला वाट मिळाली, तर ओल्या हाताने बटण दाबणाऱ्या शेतकऱ्याच्या जिवावर बेतेल. नियम तपासणारी प्रणालीही येथे मदतीस येत नाही, कारण जो नियम आपण लिहिलाच नाही तो ती तपासणार कशी?

याचा अर्थ ऑटोराउटर त्याज्य आहे असा नव्हे. त्याचा क्रम मात्र योग्य हवा. आधी भागांची मांडणी विचारपूर्वक करावी. मांडणी चांगली असेल तर निम्मी आखणी तेथेच झालेली असते. नंतर प्रत्येक जोडणीचा वर्ग ठरवावा: कोणती उच्च दाबाची, कोणती जास्त प्रवाहाची, कोणती नाजूक मापनाची, आणि प्रत्येक वर्गाची रुंदी व अंतर प्रणालीत नोंदवावे. वीजपुरवठा, ग्राउंड, स्फटिक आणि संधारित्रे यांचे ट्रॅक स्वतः आखून कुलूपबंद करावेत. शक्य तेथे एक बाजू ग्राउंडच्या अखंड तांब्याने भरावी. यानंतर दिवे, बटणे, पडदा यांच्या साध्या जोडण्या यंत्राकडे खुशाल सोपवाव्यात. यंत्राला पुनःपुन्हा वाट सापडत नसेल तर बहुधा दोष मांडणीत असतो. त्या दृष्टीने ऑटोराउटर हा मांडणीचा चांगला परीक्षकही आहे.

शेवटी आराखडा कारखान्याकडे पाठविण्यापूर्वी तो मूळ आकारात कागदावर छापावा आणि पेन्सिल हाती घेऊन प्रत्येक महत्त्वाच्या ट्रॅकवरून फिरवावी. प्रवाह कोठून निघतो, कोठे जातो आणि कोणत्या वाटेने परत येतो, हे तीन प्रश्न प्रत्येक जोडणीला विचारावेत. पहिल्या दोहोंची उत्तरे यंत्र देते. तिसऱ्याचे उत्तर आपणच शोधावे लागते. पहिली एक-दोन लहान पट्ट्या तरी संपूर्ण हाताने आखाव्यात, कारण ज्याने स्वतः वाटा काढल्या आहेत त्यालाच यंत्राने काढलेल्या वाटेतील खोट दिसते. आमच्या एखाद्या विद्यार्थ्याने तयार केलेला नियंत्रक उद्या कोणाच्या तरी शेतात लागेल. त्या वेळी त्याच्या पट्टीवरील प्रत्येक अंतर कोणाच्या सुरक्षेसाठी राखले आहे हे त्याला सांगता आले, तर या लेखाचे प्रयोजन साध्य झाले असे आम्ही समजू.