अन्ननलिकेखालची चेतागाठ

राहुरी-नेवासे पट्ट्यात हरभरा फुलोऱ्यात आला की शेतोशेती कामगंध सापळे लागतात. सकाळी पिशवीत मिळतात ते घाटेअळीचे नर पतंग. मला हवी असते मादी, कारण नराला बोलावणारा गंध तीच तयार करते आणि त्याचा हुकूम तिच्या डोक्यातल्या मोजक्या चेतापेशी सोडतात. म्हणून अळ्या वेचून आणायच्या आणि एका कुपीत एकच ठेवायची. दोघी एकत्र राहिल्या तर एक दुसरीला खाते.

कोशातून मादी निघाली की बर्फावर गार करून मेणाच्या ट्रेमध्ये टाचायची, ओल्या कुंचल्याने डोक्यावरचे खवले झाडायचे. दोन डोळ्यांमधलं कवच उचललं की राजगिऱ्याच्या दाण्याएवढा मेंदू दिसतो. मागे काळा कागद ठेवून बाजूने प्रकाश टाकला तर मेंदूच्या माथ्यावर, अगदी मध्यावर, स्रावी पेशी निळसर पांढऱ्या चमकतात. हा ताज्या ऊतीचा रंग. तो बघताना मी दरवेळी थांबतेच.

गंधाच्या पेशी मात्र अन्ननलिकेखालच्या गाठीत असतात आणि प्रतिपिंड लावून रात्रभर मुरवल्याशिवाय त्या ओळखू येत नाहीत. मग तीन पुंजके उजळतात. त्यांचं चेतापेप्टाइड अशोक रैना आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये अमेरिकेतल्या हेलिकोव्हर्पा झिया या सख्ख्या जातीतून वेगळं केलं. त्यात 33 अमिनो आम्लं आहेत आणि सगळी करामत शेवटच्या पाचांत आहे.

खरी गंमत तुलनेत आहे. मदेरा झुरळाच्या पेप्टाइडमध्ये त्या पाचांतली चार तशीच असतात, पण ते आतड्याचे स्नायू हलवतं. फळमाशीत याच गाठीतल्या सुमारे 20 पेशी खाण्यावर लगाम ठेवतात. रेशीमकिड्याच्या मादीत याच कुळातलं संप्रेरक अंड्यांना सुप्तावस्थेत ढकलतं, तर हेलिकोव्हर्पात तेच झोपलेल्या कोशाला जागं करतं! त्यामुळे रेशीमकिड्यावरून घाटेअळीचा अंदाज बांधणं मला पटत नाही. प्रत्येक किडीची गाठ उघडूनच पाहावी लागते.

कोश अवेळी उठवणारे कृत्रिम रेणू प्रयोगशाळेत तयार झाले आहेत. थंड मुलुखात त्यांचा उपयोग होईलही. पण आपल्याकडे ही कीड तूर, हरभरा, टोमॅटो अशी पिकं बदलत राहते, फारशी झोपत नाही. मला आशा वाटते ती गंधाच्या बाजूने. मादीतला हुकूमच अडवला तर नराला तिचा पत्ता लागणार नाही.