वसंतातील भाज्या : निवड आणि शिजवणी

फाल्गुन सरू लागला की बाजारातील भाजीचे रूप पालटते. हिवाळी पालेभाज्यांचे ढीग ओसरतात आणि शेवग्याच्या कोवळ्या शेंगा, कैऱ्या व कोवळे फणस दिसू लागतात. गोव्यात तांबडी भाजी म्हणजे तांबडा माठ, बेळगावकडे आमटीत शेवग्याची शेंग, हैदराबादेत चिंचेचा कोवळा पाला म्हणजे चिगुर, असे प्रांतोप्रांतीचे निरनिराळे थाट असतात. ज्याला महाराष्ट्रात चाकवत म्हणतात, तोच ग्वाल्हेर-इंदुराकडे बथुआ आणि वडोद्यास चील या नावाने विकला जातो. नावे निराळी, परंतु गुण एकच.

या भाज्यांचे महत्त्व केवळ रुचीपुरते नाही. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के, तर ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांपैकी ६७ टक्के रक्तक्षयग्रस्त आढळली. रक्तक्षयाची कारणे अनेक आहेत. तथापि आहारातील लोहाची उणीव हे त्यांतील एक प्रमुख कारण होय. पालेभाज्यांत लोह असते, परंतु ते शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. त्यास ‘क’ जीवनसत्त्वाची जोड मिळाली, तरच त्याचा बराचसा अंश कामी येतो. म्हणून भाजीवर लिंबू पिळणे ही केवळ चवीची बाब नव्हे.

मात्र ‘क’ जीवनसत्त्व मोठे नाजूक आहे. ते पाण्यात विरघळते व उष्णतेने नाश पावते. भाजी चिरून मग धुतली, किंवा उकडून तिचे पाणी ओतून दिले, तर त्याचा मोठा भाग मोरीत जातो. याकरिता भाजी आधी स्वच्छ धुवावी, नंतर चिरावी आणि चिरल्यावर ताटकळत ठेवू नये. माठासारख्या भाजीस तिच्या अंगचेच पाणी पुरते. झाकण ठेवून मंद आचेवर ती लवकर शिजते. हिरवा रंग टिकावा म्हणून सोडा घालण्याची चाल काही घरांत आहे. त्याने रंग राहतो, पण जीवनसत्त्वे जातात. लिंबू पिळावयाचे ते भाजी चुलीवरून उतरविल्यावर. कल्हई उडालेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट पदार्थ मुळीच शिजवू नये. तांबे ‘क’ जीवनसत्त्वाचा नाश करतेच, शिवाय अन्नात उतरून अपायही करते.

शेवग्याच्या शेंगा सर्वांच्या परिचयाच्या आहेत. पण त्याचा पाला पुष्कळदा परसात वाया जातो. या पाल्यात कॅरोटीन व कॅल्शियम विपुल असते. कॅरोटीनपासून शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. डोळ्यांच्या आरोग्यास ते आवश्यक असून त्याच्या अभावी मुलांना रातांधळेपणा येतो. कॅरोटीन शोषले जाण्यास स्निग्ध पदार्थ लागतो. तांबड्या भाजीवर खोवलेला नारळ घालण्याची गोमंतकीय रीत, किंवा शेवग्याच्या पाल्यास तेलाची फोडणी, या दृष्टीनेही योग्यच ठरते.

चैत्रातील हळदीकुंकवाला होणारी आंबेडाळ हाही विचारपूर्वक पाहण्याजोगा पदार्थ आहे. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वाटून तीत कैरी किसून घालतात. काहीच शिजवावे लागत नाही. डाळीतील लोह व प्रथिने आणि कच्च्या कैरीतील ‘क’ जीवनसत्त्व एकाच वाटीत येतात. याउलट जेवण संपताच घेतलेला चहा लोहाच्या शोषणास अडथळा करतो. तो तासाभराने घेणे इष्ट.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास दररोज किमान ४०० ग्रॅम भाज्या व फळे खाण्याचा सल्ला देते. हंगामात स्वस्त असलेल्या भाजीने ही गरज भागविणे फारसे कठीण नाही. अर्थात ज्याचा रक्तक्षय बळावला आहे, त्याने केवळ भाजीवर विसंबून न राहता डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध घ्यावयास हवे.

एक गोष्ट शेवटी सांगितली पाहिजे. भाजी कितीही उत्तम शिजवली, तरी सर्वांची पाने आटोपल्यावर पातेल्याच्या तळाशी उरेल तेवढीच जर घरच्या माउलीच्या वाट्यास येत असेल, तर जिला तिची सर्वाधिक गरज, तीच उपाशी राहते. तेव्हा भाजी वाढताना तिचा वाटा आधी बाजूस काढून ठेवावा. याला पैसा लागत नाही. केवळ ध्यान लागते.