उंच पोट्टं आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे

शाळेच्या मैदानावर चौदा वर्षांखालच्या मुलांची रांग लावली की, अचलपूर असो की दर्यापूर, बघणाऱ्यांची नजर आधी रांगेच्या टोकाला जाते. तिथं एक पोरगा उभा असतो. बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, आवाज फुटलेला, ओठांवर मिसरूड. “हे पोट्टं लांब हाय, याले बास्केटबॉलात टाका,” असं कुणीतरी म्हणतं आणि तिथंच निवड होऊन जाते. बास्केटबॉलची कडी जमिनीपासून ३.०५ मीटर, म्हणजे दहा फुटांवर. ती कुणासाठी खाली येत नाही. मग उंच पोरगा उचलला तर बिघडलं काय? बिघडतं ते एवढंच, की मोजली जाते त्याची आजची उंची, आणि खरा खेळ खेळायचा असतो आणखी आठ-दहा वर्षांनी.

माणसाच्या शरीराला दोन वयं असतात. एक जन्मदाखल्यावरचं, दुसरं हाडांचं. लहानपणी ही दोन्ही साधारण हातात हात घालून चालतात, पण वयात यायच्या सुमारास त्यांची फारकत होते. मुली सरासरी बाराव्या आणि मुलगे चौदाव्या वर्षाच्या आसपास सर्वांत झपाट्यानं वाढतात. त्या एका वर्षात मुलगा आठ-दहा सेंटिमीटरसुद्धा उंच होतो. पण ही सरासरी झाली. कुणाचा हा झपाटा बाराव्या वर्षीच येतो, कुणाचा सोळावं लागलं तरी यायचा असतो. म्हणजे एकाच बाकावर बसणाऱ्या दोन तेरा वर्षांच्या पोरांच्या हाडांत तीन-चार वर्षांचं अंतर असू शकतं. मिसरूडवाल्याची वाढ आटोपत आलेली असेल आणि रांगेच्या दुसऱ्या टोकाला ढगळ सदऱ्यात उभ्या असलेल्या किरकोळ पोराची अजून वीतभर बाकी असेल.

हे कळतं कुठून? गुरांच्या बाजारात गिऱ्हाईक गोऱ्ह्याचा जबडा उघडून दात पाहतं. दोनदाती, चारदाती, सहादाती, यावरून त्याचं वय सांगतं, कारण मालकाच्या शब्दापेक्षा दात खरे. माणसाच्या पोरात हे काम डावं मनगट करतं.

मनगटात आठ छोटी हाडं असतात. बाळ जन्मतं तेव्हा त्यांतलं एकही एक्स-रेमध्ये दिसत नाही, कारण ती सगळी अजून कूर्चेची असतात आणि कूर्चेतून क्ष-किरण बिनदिक्कत पार होतात. हाताची बोटं दिसतात, पुढच्या हाताची हाडं दिसतात आणि मधे नुसती मोकळी जागा! पहिल्या काही महिन्यांत त्या जागेत दोन ठिपके उगवतात. मग वर्षामागून वर्षं, साधारण ठरलेल्या क्रमानं, एकेक ठिपका येतो, वाढतो, कोन धरतो. वाटाण्याएवढं शेवटचं हाड दिसायला दहावं-बारावं वर्ष उजाडतं. त्याच्या वर, पुढच्या हाताच्या हाडाच्या टोकाशी एक काळी आडवी रेघ असते. ती वाढीची कूर्चा. ती दिसते तोवर हाड लांबतं आहे. ती बुजली की खेळ खलास. मग कितीही लोंबकळा, कितीही पावडरी प्या, उंची वाढायची नाही.

हा एक्स-रे वाचून हाडांचं वय काढायची एक पद्धत आहे, टॅनर-व्हाइटहाउस. भारतीय क्रिकेट नियामक मंडळ सोळा वर्षांखालच्या खेळाडूंसाठी तीच वापरतं. कशासाठी, तर वय चोरणारे पकडण्यासाठी! आपल्याकडे निम्म्या गावाचा जन्म १ जूनला, म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींना सुचला त्या दिवशी, झाल्याच्या पिढ्या होऊन गेल्या. तेव्हा मंडळाचा संशय अगदीच अनाठायी नाही. पण मला राहून राहून वाटतं, चोर पकडण्यापुरतंच हे चित्र का वापरावं? ज्याची रेघ अजून ठसठशीत आहे, त्या मागे राहिलेल्या पोरासाठी का नाही?

आपली निवडीची रीत बघा. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत मुलं घेताना उंची आणि वजन तर घेतातच. शिवाय तीस मीटर धाव, दहा मीटरच्या सहा फेऱ्या, उभ्यानं लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, पुढे वाकणं आणि ८०० मीटर धावणं अशा चाचण्या असतात. चाचण्या चांगल्या आहेत, पण यांतली बहुतेक लवकर वयात आलेल्याच्या पदरात गुण टाकतात. त्यात शालेय स्पर्धांचा वयोगट १ जानेवारीपासून मोजला जातो. जानेवारीत जन्मलेला आणि डिसेंबरात जन्मलेला एकाच गटात, मधे जवळपास वर्षाचं अंतर. कॅनडात १९८०च्या दशकात रॉजर बार्न्सली या मानसशास्त्रज्ञानं आइस हॉकीच्या निवडक मुलांचे जन्ममहिने मांडले, तर वर्षाच्या पहिल्या महिन्यांतल्यांची गर्दी आणि शेवटच्यांची वानवा. प्रतिभा काही जानेवारी पाहून जन्माला येत नाही. निवडणारे मात्र नकळत महिना निवडत होते.

अमेरिकेत तर मोजमापाचा सोहळाच असतो. एनबीए या बास्केटबॉल लीगचे संघ दरवर्षी नवे खेळाडू पाळीपाळीनं उचलतात, त्याला ड्राफ्ट म्हणतात. मागच्या हंगामात पिछाडीवर राहिलेल्यांना सोडतीत आधीची पाळी मिळण्याची संधी जास्त, म्हणजे दुबळ्याला आधी ताट. ड्राफ्टच्या आधी पोरांची अनवाणी उंची मोजतात, दोन्ही हात पसरून लांबी मोजतात, हात वर करून पोच मोजतात. तुमच्या-आमच्या हातांचा पसारा साधारण उंचीइतकाच असतो. या खेळाडूंचा बहुधा त्याहून बराच जास्त निघतो.

आणि एवढं करूनही काय होतं? स्कॉटी पिपेन कॉलेजात गेला तेव्हा सहा फूट एक इंच होता आणि संघाचं किरकोळ व्यवस्थापन पाहत होता. कॉलेजातच तो सहा-आठपर्यंत वाढला, १९८७च्या ड्राफ्टमध्ये पाचवा गेला आणि शिकागोकडून सहा विजेतेपदं जिंकला. बुटका असतानाच चेंडू खेळवायला शिकला होता. उंची मागाहून आली, हात तेच राहिले. उंच पोराला हे शिकायची गरजच पडत नाही, कारण नुसता हात वर केला की काम भागतं. उलट बाजूला पंजाबच्या बल्लोके गावचा सतनाम सिंग. सात फूट दोन इंच, २०१५ मध्ये डॅलसनं ५२वा उचलला, ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला पहिला भारतीय. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या आदल्याच वर्षी सर्बियाचा निकोला योकिच ४१वा गेला. त्याचं नाव पुकारलं तेव्हा टीव्हीवर खाद्यपदार्थांची जाहिरात चालू होती. पुढे तो तीनदा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. त्याची उडी बेतास बात. पण साथीदार कुठं पोचणार आहे हे त्याला आधी दिसतं, आणि त्यासाठी अजून टेप निघालेला नाही.

इतक्या लांब जायची तरी काय गरज? अचलपूरहून अमरावती पन्नासेक किलोमीटर. तिथल्या यष्टिरक्षक-फलंदाज जितेश शर्माला २०१६ मध्ये मुंबई इंडियन्सनं घेतलं आणि एकही सामना न खेळवता सोडलं. २०२२ मध्ये पंजाबनं त्याला २० लाखांत घेतलं, तेव्हा कुठे अठ्ठाविसाव्या वर्षी तो आयपीएलमध्ये उतरला. नोव्हेंबर २०२४च्या लिलावात बेंगळुरूनं त्याच यष्टिरक्षकाला ११ कोटी मोजले. किंमत पंचावन्न पट! तो एवढ्यात पंचावन्न पट सुधारला असं कुणीच म्हणणार नाही. गोची अशी, की शेवटच्या षटकांत येणाऱ्या फलंदाजाला डावात दहा-पंधरा चेंडू मिळतात. तेवढ्यावर त्याची पारख करायची तर हंगामच्या हंगाम थांबावं लागतं. मे २०२५ मध्ये लखनौला त्यानं ३३ चेंडूंत नाबाद ८५ केल्या, पुढे अंतिम सामन्यात १० चेंडूंत २४, आणि बेंगळुरूला पहिलं विजेतेपद मिळालं.

चेंडूंची वाट पाहण्यावाचून इलाज नाही, हाडांचं मात्र तसं नाही. इंग्लंडमधल्या काही फुटबॉल अकादम्या पोरांना अधूनमधून वयाऐवजी वाढीच्या टप्प्यावर गट पाडून खेळवतात. मोठेपणीच्या अंदाजी उंचीच्या किती टक्के आज झाली, यावरून गट. त्यात मिसरूडवाला पहिल्यांदाच तोडीस तोड गड्यांशी भिडतो आणि त्याला डोकं चालवावं लागतं. किरकोळ पोराला पहिल्यांदा चेंडू मिळतो. अंदाजाला एक्स-रेसुद्धा लागत नाही. ढोबळ हिशेब असा: आई-बापाची उंची सेंटिमीटरमध्ये मिळवा, मुलगा असेल तर तेरा वाढवा, मुलगी असेल तर तेरा वजा करा, निम्मं करा. बाप १७०, आई १५७, तर मुलगा १७०च्या आसपास. आठ-दहा सेंटिमीटर इकडे-तिकडे होतातच, पण अगदीच अंधारात चाचपडण्यापेक्षा बरं.

त्याहून सोपं म्हणजे वर्गाच्या भिंतीवर दर तीन महिन्यांनी अनवाणी उभं करून रेघ मारणं आणि शेजारी तारीख लिहिणं. वर्षाला चार-पाच सेंटिमीटरचा वेग असेल तर झपाटा बहुधा यायचा आहे. आठ-नऊवर गेला तर तो ऐन भरात आहे. तेव्हा त्या पोराचा नेम बिघडला तरी त्याला वगळू नका, हातपाय लांबले की काही काळ अंदाज चुकतो. आणि भराचं वर्ष सरून वेग दोनवर आला असेल, तर रांगेत सगळ्यांत उंच दिसणाऱ्या त्या पोराला आत्ताच ड्रिबलिंग शिकवायला घ्या, कारण दोन-तीन वर्षांत तो मधल्या उंचीचाच खेळाडू ठरणार आहे.