मुक्या जनावरांचा कायदा

जर्मनीतील श्टुटगार्ट शहराच्या पश्चिमेस अगदी लागून गेर्लिंगेन हे छोटे गाव आहे. बॉश कंपनीचे मुख्य कार्यालय तेथेच आहे. नाशिकला या कंपनीचा मोठा कारखाना असल्याने तिचे नाव मराठी माणसाला परके नाही. परंतु आज यंत्रांविषयी नव्हे, तर त्या मुलखात मुक्या जनावरांना कायद्याचे जे संरक्षण मिळाले त्याविषयी थोडे सांगावयाचे आहे.

याची सुरुवात दोन धर्मोपदेशकांनी केली. क्रिस्टियान आडाम डान यांनी 1822 साली जनावरांच्या वतीने माणसांना विनवणी करणारी एक पुस्तिका लिहिली. पुढे 1837 साली आल्बर्ट क्नाप यांनी श्टुटगार्टमध्ये जर्मनीतील पहिली प्राणिरक्षण संस्था स्थापन केली.

आजचा जर्मन कायदा मूळ 1972 चा. योग्य कारणाशिवाय कोणत्याही प्राण्याला वेदना, त्रास वा इजा देऊ नये, हे त्याचे पहिलेच कलम सांगते. गंभीर क्रौर्याला तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. प्राणी म्हणजे वस्तू नव्हे, हे 1990 साली दिवाणी कायद्यात लिहिले गेले आणि 2002 साली प्राण्यांच्या रक्षणाला राज्यघटनेत स्थान मिळाले. नियम घराच्या अंगणापर्यंत पोहोचतात. कुत्र्याला पुरेसा वेळ मोकळ्या हवेत न्यावे लागते. 2023 पासून त्याला साखळीने बांधून ठेवण्यासही, मोजके अपवाद सोडल्यास, बंदी आहे. गेर्लिंगेनचा रहिवासीही या नियमांतून सुटत नाही.

आता आपल्या पूर्वजांच्या देशाकडे वळू. पोळ्याला बैलाची शिंगे रंगवून, झूल घालून, त्याला पुरणपोळी भरवणारे आपण लोक. मुंबईत परळला जनावरांचे इस्पितळ 1883 मध्येच उभे राहिले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या राज्यसभेतील प्रयत्नांतून 1960 चा क्रौर्यप्रतिबंधक कायदा आला. प्राणिमात्रांवर दया करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून 1976 साली घटनेत घातले गेले, म्हणजे जर्मनीच्याही आधी! पण 1960 च्या त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड ठेवला तो दहा ते पन्नास रुपये. बैलाला रक्त येईपर्यंत मारणाऱ्याला पन्नास रुपयांची काय भीती वाटणार?

दया आपल्याकडे कमी नाही. कमी पडतो तो तिच्यामागचा धाक. आणि नुसता धाक असला तरी भागत नाही, कारण प्रत्येक अंगणात पोलीस उभा राहू शकत नाही. मॉरिशसमध्येही 2013 पासून प्राणिकल्याण कायदा आहे. तो पाळला जाणे आपल्यावर अवलंबून आहे. आपल्या आजा-पणजांच्या काळी उसाच्या गाड्या बैलांनीच ओढल्या. त्या मुक्या सोबत्यांचे ऋण मानायचे असेल, तर दारातल्या कुत्र्याची साखळी सोडावी, त्याला वेळेवर पाणी द्यावे, आणि मुलांनी त्याला दगड मारला तर तिथल्या तिथे रोखावे. एवढे तर प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे.