एस्मा गप्प, मिलेनाही गप्प

बोस्निया म्हटलं की आपल्याला १९९२ ते १९९५ सालचं युद्ध आठवतं, तेव्हाच्या बातम्यांतले मृतांचे आकडे आठवतात. तिथल्या बायका मला भेटल्या त्या मिर्याना कारानोविच या अभिनेत्रीमुळे. आणि ही बाई मुळात बोस्नियाची नाहीच! ती बेलग्रेडची, सर्बियन. ज्या सर्ब फौजांनी सारायेवो शहराला जवळजवळ चार वर्षं वेढा घातला, त्यांच्याच समाजातली.

तशी तिची बोस्नियाशी ओळख युद्धाच्या आधीची. १९८५ साली एमिर कुस्तुरिकाच्या चित्रपटात तिनं सेना नावाची सारायेवोतली आई केली होती. नवरा स्टालिनवरच्या व्यंगचित्राबद्दल काहीबाही बोलून जातो, पकडला जातो. मुलांना सांगितलं जातं, बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत. पुढे बिऱ्हाड उचलून झ्वोर्निकला जावं लागतं. कान महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. तेव्हा युगोस्लाव्हिया एकच देश होता.

मग २००६ साली आला ‘ग्र्बावित्सा’. हे सारायेवोतल्या एका वस्तीचं नाव, युद्धात सर्ब फौजांच्या ताब्यात असलेल्या. दिग्दर्शिका यास्मिला झ्बानिच स्वतः सारायेवोची, वेढ्यात वाढलेली. यात मिर्याना झालीय एस्मा. बारा वर्षांच्या साराची एकटी आई. शाळेची सहल निघते. वडील युद्धात शहीद झाले असतील तर पैसे माफ, फक्त दाखला आणायचा. साराला वाटतं, आपले बाबा शहीदच. एस्मा दाखला काही आणत नाही. ती पैसे जमवायला रात्रीच्या क्लबात ट्रे घेऊन फिरते. (बायकांचे अर्ज भरून देताना ‘दाखला आणा’ हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत, की इथे माझ्या पोटात गोळाच आला.)

मायलेकी उशा घेऊन दंगा करत असतात. खेळता खेळता सारा आईचे हात जमिनीवर दाबून धरते आणि एस्माचं हसू एकदम थांबतं. एवढंच. संवाद नाही, पार्श्वसंगीताचा कल्लोळ नाही. आपल्याकडच्या सिनेमात इथे विजा कडाडल्या असत्या.

शेवटी सारा हट्टाला पेटून पिस्तूल रोखते, तेव्हा आईच्या तोंडून खरं बाहेर पडतं. छावणीत तिच्यावर बलात्कार झाले होते, सारा त्यातलीच. पण मला त्याहून जास्त लक्षात राहिलं ते नंतरचं. बायकांच्या केंद्रात एस्मा इतके दिवस नुसती बसून असायची. तिथे ती पहिल्यांदा बोलते. बाळ नको, न्या म्हणून सांगितलं होतं. पण त्याचं रडणं ऐकलं नि पान्हा फुटला. एकदाच पाजते म्हणाली, आणि पाहिलं तर इतकं सुंदर काही तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मिर्याना हे रडवण्यासाठी सांगत नाही, हिशेब दिल्यासारखं सांगते.

चित्रपटाला बर्लिनचं सुवर्ण अस्वल मिळालं. बोस्नियातल्या सर्बबहुल भागातल्या चित्रपटगृहांनी तो लावला नाही. पण दुसऱ्या भागात सह्यांची मोहीम निघाली आणि त्याच वर्षी कायदा बदलून युद्धातल्या बलात्कारपीडितांना युद्धपीडित नागरिक म्हणून मान्यता आणि मासिक मदत मिळाली. सिनेमानं काय होतं असं विचारणाऱ्यांना मी आता हेच सांगते.

त्याच वर्षी आंद्रेया श्टाकाच्या ‘दास फ्रॉयलाइन’मध्ये ती झुरिकमध्ये कँटीन चालवणारी रुझा होती. पंचवीस वर्षांपूर्वी बेलग्रेड सोडून आलेली, पैपैचा हिशेब ठेवणारी, मायदेशाचं नाव न काढणारी. सारायेवोहून आलेली आजारी, बिनधास्त आना तिच्या त्या कुलुपाला हात घालते. इथे दोघींपैकी बळी कोण, दोषी कोण, हे कुणी विचारतच नाही.

२०१६ साली तिनं स्वतः दिग्दर्शित केलेल्या ‘चांगली बायको’ या चित्रपटात मात्र ती विचारते. मिलेना ही बेलग्रेडजवळची सुखवस्तू गृहिणी. साफसफाई करताना तिला एक जुनी कॅसेट सापडते, नवऱ्यानं युद्धात केलेल्या हत्यांची. अशी एक खरी कॅसेट २००५ साली हेगच्या न्यायालयात दाखवली गेली होती. मिलेनाच्या स्तनात गाठही आहे. ती डॉक्टरकडे जायचं टाळते, कॅसेटबद्दल बोलायचंही टाळते, जेवणाचं टेबल मात्र नीट मांडते. एस्मा होऊन दुसऱ्यांचं दुःख अंगावर घेणं एक, आणि आपल्याच माणसांच्या बायकांना ‘तुम्हाला ठाऊक होतं ना?’ असं विचारणं दुसरं. मला दुसरं जास्त अवघड वाटतं. मिळाले तर आधी ‘ग्र्बावित्सा’ बघा, मग हा. सलग नको, मध्ये एक दिवस जाऊ द्या.