दीड वेढ्याचे पीस

उत्तर इंग्लंडमधील यॉर्कशायरच्या डोंगराळ भागातून वाहणाऱ्या व्हार्फ, निड आणि युअर या नद्यांवर ट्राउट मासा पकडण्यासाठी गळावर रेशीम आणि पक्ष्याचे पीस गुंडाळून जी कृत्रिम माशी बांधली जाते, ती पाण्यावर न तरंगता पृष्ठभागाच्या किंचित खालून प्रवाहाबरोबर वाहत जाते आणि म्हणून ‘ओली माशी’ म्हणून ओळखली जाते. ट्राउट आपले बहुतेक अन्न पाण्याखालीच मिळवतो. मेफ्लाय हा कीटक आयुष्याचा फार मोठा भाग निम्फ या बाल्यावस्थेत नदीच्या तळाशी काढतो आणि शेवटी पृष्ठभागाकडे येऊन, कात टाकून उडून जातो. वर येण्याच्या आणि कात टाकण्याच्या या वेळी तो सर्वाधिक असहाय असतो, आणि ओली माशी त्याच अवस्थेचा आभास निर्माण करते.

या माश्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असलेल्या ‘पार्ट्रिज अँड ऑरेंज’ची सामग्री म्हणजे मेण लावलेले नारिंगी रेशीम आणि करड्या तित्तिराच्या पाठीवरचे एक ठिपकेदार तपकिरी पीस, एवढीच. रेशमाचे वेढे गळाच्या दांड्यावर एकमेकांना लागून घेतले जातात आणि गळाचे टोक जिथे येते त्याच्या आसपास थांबवले जातात, त्यामुळे शरीर आखूड आणि सडपातळ राहते. पिसाच्या बुडाची लव काढून टाकून ते नेढ्याजवळ जेमतेम दीड वेढा गुंडाळले जाते. नवशिक्याचा हात नेमका येथेच चुकतो, कारण भरगच्च पीस डोळ्यांना सुंदर दिसले तरी पाण्यात त्याचे तंतू एकमेकांना चिकटून निश्चल होतात. विरळ तंतू मात्र प्रवाहाच्या प्रत्येक हेलकाव्याबरोबर उघडतात आणि मिटतात. तरंगत्या, म्हणजे ‘कोरड्या’ माशीसाठी कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस लागते, तर येथे तित्तिर, पाणलावा किंवा पाणकोंबडी यांचे मऊ पीसच हवे असते. ‘वॉटरहेन ब्लोआ’ या माशीत पिवळ्या रेशमावर मोल या बिळे खणणाऱ्या प्राण्याची लव इतकी पातळ वळली जाते की खालचा पिवळा रंग झिरपून दिसावा. कारागिराचा संयम पारखायचा तर याहून चांगली कसोटी नाही.

ही परंपरा कोणा एकाची निर्मिती नाही. डब्ल्यू. सी. स्ट्यूअर्ट यांनी 1857 मधील ग्रंथात स्कॉटलंडच्या सीमाभागातील अशाच माश्या आणि प्रवाहाच्या वरच्या दिशेने गळ टाकण्याची पद्धत मांडली, तर टी. ई. प्रिट यांनी 1885 मध्ये यॉर्कशायरच्या माश्यांचे रंगीत चित्रांसह संकलन केले. दक्षिण इंग्लंडच्या संथ, चुनखडीच्या नद्यांवर मात्र एफ. एम. हॅलफर्ड यांच्या प्रभावामुळे तरंगती माशीच शिष्टसंमत ठरली होती. लंडनमधील वकील जी. ई. एम. स्क्यूज यांनी 1910 मध्ये त्या मताला ग्रंथरूपाने आव्हान दिले आणि पृष्ठभागाखालून निम्फ खाणाऱ्या ट्राउटला निम्फच द्यावी, असे निरीक्षणाच्या बळावर मांडले. हा वाद इतका चिघळला की 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये त्यावर रीतसर चर्चा झाली, आणि त्या वेळी स्क्यूज ऐंशीच्या उंबरठ्यावर होते. शिष्टाचारापेक्षा माशाच्या आहाराला प्रमाण मानणाऱ्या स्क्यूज यांचीच बाजू योग्य होती, हे आज निःसंकोच म्हणता येते.

एव्हन नदीचे रखवालदार फ्रँक सॉयर यांनी तर रेशीमही वगळले. त्यांच्या ‘फेझंट टेल’ निम्फमध्ये फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि तांब्याची बारीक तार एवढेच असते, आणि हीच तार बांधणी, वजन व झळाळी ही तिन्ही कामे करते. पोहणारी निम्फ पाय अंगाशी मिटून घेते हे त्यांनी पाहिले होते, म्हणून पायांसाठी पीस लावलेच नाही. पुढे या निम्फच्या अनेक आवृत्त्या निघाल्या आणि त्यांतील बहुतेकांत पाय पुन्हा जोडले गेले. सॉयर यांची मूळ बांधणी मात्र अजूनही या दोनच वस्तूंची आहे.